आकाशातून भूकंप दिसतो काय?

(महोत्सवी व्याख्यानमालेत वडोदरा येथे दिलेले भाषण)



अशा व्याख्यानमालांत संतवाङ्मय, इतिहास, आरोग्य हे विषय नेहमी येतात. आम्ही जमिनीच्या पोटातला विषय निवडला ह्याचे काहींस नवल वाटले असेल. परंतु हा विषय आम्ही आमच्या हौसेखातर घेतलेला नाही. न्यासाच्या वसतिगृहात राहणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी कार्यवाहांस एक प्रश्न विचारला आणि तो कार्यवाहांनी आमच्याकडे धाडला. प्रश्न असा : "भूकंपाच्या आधी जमीन तापते आणि उपग्रहांना ती तापलेली दिसते, असे वाचण्यात येते. मग ती सूचना आपल्या वसतिगृहास मिळावी अशी काही तजवीज करता येईल काय?" मुलगा परगावी ठेवलेल्या बापाचा हा प्रश्न आहे. त्याला हसण्यावारी नेणे बरोबर नाही आणि गोड बोलून वाटेला लावणेही बरोबर नाही. म्हणून त्याचे उत्तर आज सर्वांसमक्ष द्यावयाचे योजिले आहे.

भूकंपाची चाहूल आधी लागावी ही माणसाची फार जुनी तळमळ आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराने आपल्या बृहत्संहितेत भूकंपलक्षणांना एक स्वतंत्र अध्यायच दिला आहे. वायू, अग्नी, इंद्र आणि वरुण अशी चार मंडले कल्पून त्याने भूकंपांची वर्गवारी केली आणि प्रत्येकाची चिन्हे सांगितली. आज ती वर्गवारी आपण मानीत नाही. तथापि धक्क्याच्या आधी निसर्ग काही खूण दाखवीत असला पाहिजे, ही त्यामागची आशा आजही तशीच जिवंत आहे. फरक एवढाच की, वराहमिहीर जमिनीवर उभा राहून आकाशाकडे पाहत होता आणि आपण आकाशात यंत्र ठेवून जमिनीकडे पाहतो.

हे यंत्र काय पाहते ते प्रथम समजून घेऊ. प्रत्येक वस्तू आपल्या तपमानानुसार किरण बाहेर टाकते. तापलेला तवा लाल होण्याच्या पुष्कळ आधी त्याची धग हाताला कळते. ती धग म्हणजे डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण. आपल्या पायांखालची जमीनही रात्रंदिवस असे किरण टाकीत असते. त्यांपैकी काही विशिष्ट लांबीच्या लहरी, सुमारे 10 ते 12 मायक्रॉनच्या, हवेतून फारशा न अडता वर जातात. उपग्रहावरील यंत्र त्या मोजते आणि त्यांवरून जमिनीच्या पृष्ठभागाचे तपमान काढते. डिसेंबर 1999 मध्ये सोडलेला अमेरिकेचा टेरा हा उपग्रह सुमारे 705 किलोमीटर उंचीवरून फिरे आणि सकाळी साडेदहा व रात्री साडेदहाच्या सुमारास एकेका प्रदेशावरून जाई. त्यावरील 'मोडिस' नावाचे यंत्र एक किलोमीटर लांब व एक किलोमीटर रुंद अशा चौकोनाचे मिळून एक तपमान देई.

ह्यात तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्या. पहिली, हे तपमान हवेचे नव्हे. केवळ जमिनीच्या कातडीचे आहे. उन्हाळ्यात हवेपेक्षा जमीन कितीतरी अधिक तापते हे अनवाणी चाललेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. दुसरी, ढग आला की हे किरण अडतात, मग यंत्राला जमिनीऐवजी ढगाचा थंड माथा दिसतो. तिसरी, ही कातडी अतिशय चंचल आहे. शेताला पाणी दिले, वारा फिरला, धुके पडले, गवत वाळले, की तिचे तपमान काही अंशांनी सहज बदलते. भूकंपाचा संशय घेण्यापूर्वी ह्या सर्व नेहमीच्या कारणांचा हिशेब चुकता करावा लागतो.

आता दाव्याकडे वळू. 1988 साली गॉर्नी आणि त्यांचे सहकारी ह्या सोव्हिएत शास्त्रज्ञांनी मध्य आशियाच्या उपग्रहचित्रांवरून असे मांडले की, तेथील भूकंपांच्या काळात भूभंगांच्या आसपास अवरक्त किरणांचे उत्सर्जन वाढलेले दिसते. तेव्हापासून ह्या विषयाला तोंड फुटले आणि पुढे अनेक देशांतील भूकंपांविषयी तसेच निष्कर्ष प्रसिद्ध होऊ लागले. त्यांत आपल्याशी थेट संबंध असलेला भूकंप म्हणजे 26 जानेवारी 2001 चा कच्छचा.

त्या दिवशी सकाळी 8 वाजून 46 मिनिटांनी भचाऊजवळ जमिनीखाली सुमारे 20 किलोमीटर खोलीवर खडक सरकला. भूकंपाची प्रत 7.7 होती. सरकारी गणतीप्रमाणे तेरा हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. अंजार गावात प्रजासत्ताक दिनाच्या फेरीत निघालेली शाळकरी मुले अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंच्या घरांखाली सापडली. भचाऊपासून सुमारे 300 किलोमीटरवरील ह्या वडोदरा शहरातही जमीन हलली. त्यामुळे जेव्हा शास्त्रज्ञांनी सांगितले की, ह्या भूकंपाच्या काही दिवस आधी कच्छची जमीन उपग्रहचित्रांत काही अंशांनी अधिक उष्ण दिसत होती, तेव्हा ते ऐकून आपल्यापैकी कोणाचे मन अस्वस्थ झाले नसते? 2004 साली डिमिटर औझुनोव्ह व फ्रीडेमान फ्रॉइंड ह्यांनी मोडिसच्या आकड्यांवरून, आणि 2005 साली रुरकीच्या आय. आय. टी.मधील अरुण सराफ व स्वपनामिता चौधुरी ह्यांनी दुसऱ्या उपग्रहमालिकेवरील यंत्राच्या चित्रांवरून हे प्रतिपादन केले. हे चांगल्या संस्थांतून काम करणारे अभ्यासक आहेत. त्यांचे म्हणणे शास्त्रीय नियतकालिकांत छापले गेले. म्हणून त्याचा विचारही तितक्याच गांभीर्याने केला पाहिजे.

पहिला प्रश्न असा की, जमीन तापावी तरी कशाने? सामान्य माणसाला वाटते, खाली खडकांवर ताण येतो, ते घासतात, त्यांची उष्णता वर येते. हे म्हणणे गणिताला उतरत नाही. दगड आणि माती उष्णता फार सावकाश नेतात. म्हणून तर भर वैशाखात तळघर गार असते. ही गती धरून हिशेब केला तर एक मीटर खोलीवरची उष्णता वर यावयास सुमारे 12 दिवस लागतात, दहा मीटरवरची यावयास सुमारे 3 वर्षे, आणि एक किलोमीटरवरची यावयास सुमारे 30 हजार वर्षे. अंतर दहापट झाले की काळ शंभरपट होतो. 20 किलोमीटरवरच्या घर्षणाची ऊब केवळ दगडातून झिरपत वर यावयाची तर एक कोटीहून अधिक वर्षे थांबावे लागेल. भूकंपाच्या आठ दिवस आधी ती जाणवणे शक्य नाही.

हे त्या अभ्यासकांनाही ठाऊक आहे. म्हणून त्यांनी निराळी कारणे सुचविली. एक असे की, ताणामुळे खडकाला बारीक चिरा पडून रेडॉन वायू बाहेर येतो, तो हवेतील कणांना विद्युतभार देतो, त्या कणांवर बाष्प जमते आणि बाष्पाचे पाणी होताना उष्णता सुटते. दुसरे असे की, जमिनीतून निघालेला कार्बन डायॉक्साइड जमिनीलगत साचून उष्णता कोंडतो. तिसरे फ्रॉइंड ह्यांचे : दाबाखाली आलेल्या खडकांत धन विद्युतभार मोकळे होतात, ते वाहत पृष्ठभागापर्यंत येतात आणि तेथे अवरक्त किरण सुटतात. ह्यांतील काही गोष्टी प्रयोगशाळेत लहान दगडांवर दिसलेल्याही आहेत. परंतु प्रयोगशाळेतला दगड आणि कच्छचे रण ह्यांत फार अंतर आहे. कारण सुचणे ही एक गोष्ट आणि ते कारण प्रत्यक्षात घडले हे सिद्ध होणे ही दुसरी.

म्हणून खरा कस लागतो तो निरीक्षणाचा. 2011 साली लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील मॅथ्यू ब्लॅकेट, मार्टिन वूस्टर व ब्रूस मालामुड ह्यांनी कच्छचाच भूकंप घेऊन मोडिसचे आकडे पुन्हा तपासले. येथे एक मौज पाहावी. टेरा उपग्रहावरील हे यंत्र फेब्रुवारी 2000 मध्ये काम करू लागले. म्हणजे जानेवारी 2001 ही त्याची पहिलीच जानेवारी. कच्छची जानेवारी एरवी कशी असते हे त्याने पूर्वी पाहिलेलेच नव्हते. ह्या तिघांनी नंतरच्या वर्षांतले तेच दिवस शेजारी मांडून तुलना केली. निष्कर्ष असा निघाला की, भूकंपाआधी जमीन तापल्याचा विश्वसनीय पुरावा त्या आकड्यांत नाही. पूर्वी जी वाढ दिसली होती तिचे कारण त्यांना चित्रांच्या जुळणीत सापडले. ढगांमुळे काही भागांचे आकडे गहाळ होते आणि शेजारशेजारच्या फेऱ्यांतील चित्रे सांधून एक चित्र केले होते.

ही गोष्ट अवघड वाटेल. पण दाखला घरगुती आहे. शाळेत एके दिवशी पावसामुळे लहान मुले आली नाहीत आणि मास्तरांनी हजर मुलांची सरासरी उंची काढली, तर ती नेहमीपेक्षा अधिक भरेल. म्हणून काय त्या दिवशी कोणी उंच झाले? चित्राचा थंड भाग ढगाने झाकला की उरलेल्याची सरासरी अशीच वाढते. जमीन मात्र होती तेवढीच असते.

ह्या एका तपासणीने सगळा विषय निकालात निघाला असे आम्ही म्हणत नाही. रशिया, चीन, इटली, अमेरिका, भारत येथील अभ्यासक आजही त्यावर काम करीत आहेत. 2018 साली चीनने इटलीच्या सहकार्याने भूकंपाशी संबंधित विद्युतचुंबकीय खुणा शोधण्यासाठी एक खास उपग्रहही सोडला. शोध चालू राहावा हेच उचित. परंतु शोध चालू असणे म्हणजे सूचना हाती असणे नव्हे. सूचना म्हणावयाची तर चार रकान्यांचा हिशेब पुढे ठेवावा लागतो. जमीन तापली आणि भूकंप झाला, असे किती वेळा? तापली आणि झाला नाही, असे किती वेळा? तापली नाही तरी झाला, असे किती वेळा? आणि दोन्ही नाही, असे किती वेळा? बहुतेक लेख पहिल्या रकान्यातच थांबतात. भूकंप होऊन गेल्यावर मागची चित्रे उघडून त्यात उष्ण ठिपका शोधला, तर तो बहुधा सापडतोच. कारण तसे ठिपके भूकंप नसतानाही रोज कोठे ना कोठे असतात. घरात वाईट बातमी आल्यावर आदल्या दिवशी कावळा ओरडल्याचे आठवते. बाकीच्या दिवशीचे त्याचे ओरडणे कोणी मोजीत नाही.

मग उपग्रहांचा ह्या कामी काहीच उपयोग नाही काय? खचितच आहे, पण तो धक्का बसल्यानंतरचा अधिक आणि आधीचा थोडा. कच्छच्या भूकंपात रणामध्ये हजारो चौरस किलोमीटरवर वाळूतून पाणी उसळून वर आले. जेथे महिनोन्‌महिने कोरडे मीठ होते तेथे ओल पसरली, जुने प्रवाह पुन्हा उमटले. हे उपग्रहचित्रांत स्पष्ट दिसले. ओली जमीन दिवसा कोरडीपेक्षा थंड राहते. तेव्हा भूकंपानंतर पृष्ठभागाच्या तपमानात असा बदल होतो, हे समजण्यास कोणत्याही गूढ कारणाची गरज नाही. त्याच कच्छात 16 जून 1819 च्या भूकंपाने जमीन उचलली जाऊन कित्येक मैल लांबीचा बांध तयार झाला आणि सिंदरीचा किल्ला पाण्यात गेला. लोकांनी त्या उंचवट्याला अल्लाबंद असे नाव दिले. तेव्हा जे पाहावयास उंटावरून जावे लागले ते आज उपग्रह काही दिवसांत दाखवितो.

याहून मोठे काम रडारचे आहे. रडार ढगांतून आणि अंधारातूनही पाहते. एकाच जागेची दोन वेळची रडारचित्रे ताडून पाहिली तर जमीन काही सेंटिमीटर जरी सरकली असली तरी कळते. 28 जून 1992 रोजी कॅलिफोर्नियात लँडर्स येथे भूकंप झाला, त्याचे असे चित्र युरोपच्या ई. आर. एस.-1 ह्या उपग्रहाच्या साहाय्याने तयार झाले आणि 1993 साली प्रसिद्ध झाले. 30 जुलै 2025 रोजी श्रीहरिकोटाहून निसार हा उपग्रह सोडला गेला. भारताच्या इस्रोने आणि अमेरिकेच्या नासाने तो मिळून बांधला. जमिनीची अशी सूक्ष्म हालचाल वारंवार मोजावी हे त्याच्या कामांपैकी एक आहे. ह्या मोजणीतून कोणता भूभाग वर्षानुवर्षे ताण साठवीत आहे हे कळते. धक्का कोठे बसण्याचा संभव अधिक आहे हे ह्यावरून सांगता येईल. तो कोणत्या दिवशी बसेल हे नाही.

दिवस सांगण्याच्या प्रयत्नांचा इतिहास बोधप्रद आहे. 4 फेब्रुवारी 1975 रोजी चीनमधील हायचेंगच्या भूकंपापूर्वी लहान धक्क्यांची मालिका सुरू झाली, त्यावरून पुष्कळ लोकांना घराबाहेर काढण्यात आले आणि अनेकांचे प्राण वाचले. जगाला वाटले, कोडे सुटले. दीड वर्षाच्या आत, 28 जुलै 1976 रोजी, त्याच देशात तांगशान येथे कोणतीही सूचना न मिळता भूकंप झाला आणि सरकारी आकड्याप्रमाणे सुमारे 2 लाख 42 हजार माणसे गेली. एकदा खूण मिळाली म्हणून ती पुन्हा मिळेलच असे नाही, हा धडा फार महाग पडला.

आता आपल्या लोकांकडे या. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरच्या रात्री, लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि आसपासची गावे जमीनदोस्त झाली. त्या भूकंपाची प्रत सुमारे 6.2, म्हणजे कच्छच्या मानाने कितीतरी लहान. तरी हजारो माणसे झोपेतच गेली. तो मुलूख त्या वेळच्या भूकंपनकाशात सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात दाखविलेला होता. माणसे मेली ती जमीन हलली म्हणून नव्हे, तर डोक्यावर घर आले म्हणून. दोन-दोन, अडीच-अडीच फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती. आत आणि बाहेर दगडांचे दोन वेगळे थर, त्यांना सांधणारा आरपार दगड नाही. वर माळवदाचा मातीचा प्रचंड बोजा. उन्हाळ्यात थंडावा देणारे ते घर हादरा बसताच उलगडले. कच्छच्या भूकंपाच्या वेळी भूकंपकेंद्रापासून सव्वादोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत सिमेंट-काँक्रीटच्या नव्या उंच इमारती कोसळल्या. त्यांतील अनेकींत तळमजला गाड्या ठेवण्यासाठी नुसत्या खांबांवर मोकळा सोडलेला होता. वर भिंतींचे ओझे आणि खाली बारीक पाय. मग गुडघे मोडावयास किती वेळ लागणार? जुने घर वाईट आणि नवे चांगले असा हा प्रश्न नाही. बांधणारा भूकंपाचा विचार करून बांधतो की नाही, हा आहे.

हा विचार कसा करावा ह्याचे नियम आपल्या देशात उपलब्ध आहेत. भूकंपात इमारतीने किती बळ सोसावे ह्याविषयीचे भारतीय मानक, क्रमांक 1893, प्रथम 1962 साली निघाले. विटा-दगडांच्या जुन्या इमारती दुरुस्त करून बळकट कशा कराव्यात ह्याचे मानक, क्रमांक 13935, 1993 पासून आहे. 2002 च्या नकाशात कच्छ सर्वाधिक धोक्याच्या पाचव्या क्षेत्रात आणि वडोदरा मध्यम धोक्याच्या तिसऱ्या क्षेत्रात आहे. मध्यम म्हणजे निर्धास्त नव्हे. किल्लारीला तर मध्यमही म्हटलेले नव्हते.

म्हणून त्या पालकांच्या प्रश्नाचे आमचे उत्तर असे : उपग्रहाकडून तपमानाची सूचना घेऊन वसतिगृह रिकामे करता येईल अशी विद्या आज कोणापाशीही नाही. "उपग्रहाला उष्णता दिसली आहे, आज रात्री भूकंप होणार" असा निरोप मोबाईलवर आला तर तो पुढे पाठवू नये. 2001 साली धक्क्यानंतर अफवांपायी गुजरातेतील किती कुटुंबांनी थंडीत रात्री उघड्यावर काढल्या, ते आपल्यापैकी ज्येष्ठांस स्मरत असेल. अशा अफवेत आजारी माणसे आणि तान्ही मुले भरडली जातात. आणि दोन वेळा खोटी ठरलेली हाक तिसऱ्यांदा खरी असली तरी कोणी ऐकत नाही.

मात्र एवढे सांगून न्यासाची जबाबदारी संपत नाही. उलट येथून ती सुरू होते. दिवस कळत नाही म्हणूनच प्रत्येक दिवसाची तयारी हवी. महोत्सवाच्या निधीतून काय करावे ह्याची चर्चा चालू आहे. कमान, रंगरंगोटी, सभागृहाचे नवे व्यासपीठ, सर्वच सूचना प्रेमाच्या आहेत. आमची विनंती एवढीच की, त्यांच्याआधी वसतिगृहाच्या इमारतीची तपासणी जाणत्या स्ट्रक्चरल इंजिनियरकडून करून घ्यावी. भिंतींचे कोपरे एकमेकांत बांधलेले आहेत काय, दारांखिडक्यांच्या वर सलग काँक्रीटचा पट्टा आहे काय, मागाहून चढविलेल्या मजल्याचा भार खालचे खांब खरोखर पेलतात काय, गच्चीवरची पाण्याची टाकी कशावर उभी आहे, हे त्याने लेखी सांगावे. मोठा खर्च निघाला तर तो दोन-तीन वर्षांत विभागता येईल. बिनखर्चाची कामे तर उद्यापासून करता येतील : मुलांच्या उशाशी असलेली जड कपाटे भिंतीला जखडणे, जिन्यातील अडगळ काढणे, रात्री दाराला बाहेरून कुलूप न लावणे, आणि वर्षातून दोनदा मुलांकडून सराव करून घेणे की हादरा बसला तर पळापळ न करता भक्कम टेबलाखाली डोके झाकून बसावे, आणि थांबल्यावर रांगेने मैदानात जावे.

पुढची पिढी कदाचित उष्णतेच्या चित्रांतून काही खरी खूण काढील. तसे झाले तर त्या चार रकान्यांचा हिशेब पुरा करूनच ते होईल, आणि त्या दिवशी सर्वांत आधी आम्ही आनंद मानू. पण त्या दिवशीही मुलांना बाहेर काढावयास अवधी किती मिळेल हे कोणी सांगावे? आणि मुले वाचली तरी त्यांचे घर, त्यांची पुस्तके, त्यांचे वर्ष वाचावयाचे असेल तर भिंत उभीच राहिली पाहिजे. ती उभी ठेवणे आपल्या हाती आहे. आपल्या पूर्वसूरींनी परमुलखात आलेल्या मुलांना छप्पर मिळावे म्हणून पै पै जमवून ही वास्तू उभारली. ते छप्पर मुलांच्या डोक्यावर राहावे, अंगावर येऊ नये, एवढी काळजी आपण घेतली तर हा महोत्सव सार्थकी लागला असे आम्ही समजू.